फ्रान्सच्या बरगंडी प्रांतात वाइन चाखायला जाताना

मुक्काम बोन गावात ठेवा आणि गाडीऐवजी सायकल भाड्याने घ्या. तिथून सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांमधून साधारण 22 किलोमीटरचा सायकलमार्ग आहे. वाटेत पोमार, वोल्ने, मर्सो ही नावाजलेली गावं लागतात.

सायकल आहे म्हणून मोकाट पिऊ नका. फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम, आणि ती सायकलवाल्यालाही लागू आहे. तेव्हा घोट तोंडात घोळवा आणि थुंका. टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं. यजमानासमोर थुंकायचं म्हणजे आपल्याला कसंतरीच होतं, पण तिथे मालक स्वतःच आधी थुंकतो.

बरेच मळे लहान, घरचेच. ट्रॅक्टर चालवणाराच तळघरात ग्लास भरतो, त्यामुळे ईमेल करून वेळ ठरवूनच जा. दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी, रविवारी अनेक ठिकाणी कुलूप, आणि तोडणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरच्या आसपास, कुणाला तुमच्याकडे बघायलाही फुरसत नसते. आत शिरताच ‘बोंझूर’ म्हणायला विसरू नका. रेड आधी आणि व्हाइट नंतर आली तर गोंधळू नका, इकडे तशी पद्धत आहे. चाखण्याचे पैसे घेतले नाहीत, तर निघताना एखादी बाटली घ्याच.