मोठ्या मॅगेलन मेघातले कार्बन तारे कसे वेगळे काढायचे

कार्बन तारे म्हणजे वातावरणात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असलेले म्हातारे, लाल तारे. मेघ, म्हणजे आपल्या आकाशगंगेशेजारची छोटी दीर्घिका, मुंबईतून बघायचा नाद सोडा. त्याची क्रांती (आकाशातला अक्षांश) उणे 69.8 अंश, मुंबईचा अक्षांश 19. दक्षिण क्षितिजावर तो जेमतेम सव्वा अंश चढतो आणि धुरकटात विरतो. मुंबईच्या टीआयएफआर संस्थेचा अवरक्त कॅमेरा जिथे आहे, त्या उत्तराखंडातल्या देवस्थळहून तर तो उगवतच नाही. पण टूमास (2MASS) या अवरक्त सर्वेक्षणाने 1997 ते 2001 मध्ये अख्खं आकाश 1.25 (जे), 1.65 (एच) आणि 2.17 मायक्रॉन तरंगलांबीला (केएस) मोजून ठेवलंय, आणि ती यादी फुकट मिळते.

लॅपटॉपवर टॉपकॅट (TOPCAT, अशा याद्या हाताळायचं सॉफ्टवेअर) टाका. त्याच्या व्हिझिएर (VizieR, खगोलीय याद्यांचं भांडार) खिडकीत टूमास निवडा, विषुवांश (आकाशातला रेखांश) 80.9, क्रांती -69.8, त्रिज्या 0.5, सगळं अंशांत. विषुवांश तासांत भरलात तर भलतंच आकाश येतं. उणे चिन्ह राहिलं तर मेघाऐवजी जिराफ समूहातले आपल्याच आकाशगंगेचे तारे येतात, तरी आलेख दिसायला नीटस येतो, म्हणून चूक उशिरा कळते. ओळींची मर्यादाही वाढवा, नाहीतर यादी मध्येच तुटते.

पहिल्या फेरीत गुणवत्तेच्या रकान्यात तिन्ही पट्ट्यांना (जे, एच, केएस) 'ए', म्हणजे सर्वांत भरवशाचं मोजमाप, असलेल्या ओळीच ठेवा. टूमासचा एक पिक्सेल 2 आर्कसेकंदांचा (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), मेघाच्या अंतरावर जवळपास अर्धा पार्सेक, सुमारे दीड प्रकाशवर्ष! मधल्या दाटीत दोन-तीन तारे मिळून एकच उजळ तारा नोंदला जातो.

आता आलेखात आडवं जे वजा केएस (ताऱ्याचा रंग, आकडा मोठा तितका लाल), उभं केएस (तेजाची प्रत, आकडा लहान तितका तारा ठळक), आणि म्हणून उभा अक्ष उलटा. 0.3 ते 0.8 मधल्या उभ्या पट्ट्यांत आपल्या आकाशगंगेचे तारे बरेच मिसळलेले असतात. केएस 12.3 च्या आसपास तांबड्या महाकाय ताऱ्यांची गर्दी अचानक विरळ होते. त्याच्या वर, रंग साधारण 1.4 ते 2, उजवीकडे वळणारी शेपटी दिसते. ते बहुतेक कार्बन तारे. केएस 10.5 मधून 18.5 (मेघाच्या अंतरासाठीची वजावट) वजा केले की निरपेक्ष प्रत, म्हणजे ताऱ्याचं खरं तेज, उणे 8. मात्र 13.5 हून मंद लाल ठिपके मोजू नका, त्यांत दूरच्या दीर्घिका खूप.

खरी गोम 'ए'च्या चाळणीत आहे. धुळीत गुरफटलेले तारे जे पट्ट्यात इतके मंद होतात की चाळणी नेमके त्यांनाच फेकते. त्यांच्यासाठी जे ची अट काढा आणि स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या सेज (SAGE) यादीशी 1 आर्कसेकंदात जुळवा. 8 मायक्रॉनला ते ठळक दिसतात. तिथे नवजात तारेही तितकेच लाल असतात, तेव्हा वायुमेघांजवळचे ठिपके आधी बाजूला काढा.