तपकिरी स्किपर ओळखायचे कसे? आधी मागच्या पंखाखाली बघा

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत एकदांडीच्या फुलापुढे मी उकिडवा बसलेला असलो की फिरायला आलेलं कुणी ना कुणी थांबतंच. परवा एक काका वाकून बघत म्हणाले, "आ तो फूदुं छे!" फूदुं म्हणजे पतंग. काकांना दोष देण्यात अर्थ नाही. जाडजूड धड, रुंद डोकं, टपोरे डोळे आणि मातकट रंग, एवढं बघून कुणीही पतंगच म्हणेल. पण ते स्किपर होतं, म्हणजे फुलपाखरांच्याच एका कुळातलं. मराठीत या कुळाला चपळ म्हणतात आणि ते नाव किती सार्थ आहे हे कॅमेरा काढताक्षणी कळतं.

वडोदऱ्यात पावसाळा ओसरायला लागला की गवताच्या कडेने ही फुलपाखरं भरपूर दिसतात. अडचण एवढीच की निम्मीअधिक एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात: तपकिरी पंख आणि त्यावर पांढरे ठिपके. रंगावरून ओळखायला गेलात तर फसाल. ठिपके कुठे आहेत, किती आहेत आणि कसे आहेत, हे बघायचं असतं.

आधी मिशा, मग बैठक

मिशीचं टोक बघा. बहुतेक स्किपरांची मिशी टोकाशी जाड होऊन आकड्यासारखी मागे वळते. दोन्ही मिशा डोक्यावर एकमेकींपासून चांगल्या लांब असतात. ही खूण पटली की कुळ नक्की.

मग ते बसलंय कसं ते बघा. पुढचे पंख अर्धवट उभे आणि मागचे आडवे, अगदी लढाऊ विमान थाटात उभं असावं तसं ऊन खात असेल, तर ते गवतावर वाढणाऱ्या स्विफ्ट किंवा डार्ट मंडळींपैकी. चारही पंख पानावर इस्त्री करून ठेवल्यासारखे सपाट असतील तर फ्लॅट किंवा त्याचं भावंड. पानाखाली पंख मिटून लटकलं असेल तर बहुधा ऑल. स्विफ्ट, डार्ट, फ्लॅट, ऑल ही स्किपरांतल्या गटांची इंग्रजी नावं. करंजाच्या झाडाखाली, मागच्या पंखावर आडवा पांढरा पट्टा असलेलं असं काही लटकलेलं दिसलं, तर कॉमन बँडेड ऑलची शक्यता आधी तपासा. त्याच्या अळ्या करंजाची कोवळी पानं खातात.

फोटो कोणते घ्यायचे

मोबाइल पुरतो. सकाळी आठ ते दहा ही उत्तम वेळ, कारण ऊन खाण्यासाठी ती जरा स्थिर बसलेली असतात. आपली सावली मात्र त्यांच्यावर पडू देऊ नका. पहिला फोटो मिटलेल्या पंखांचा, अगदी बाजूने. दुसरा वरून, अर्धवट उघडलेल्या पंखांचा. तिसरा मिशांचा, त्यात पुढच्या पंखाची वरची कडही पूर्ण यायला हवी. एकच फोटो मिळणार असेल तर पहिला घ्या. बहुतेक लोक वरच्या बाजूचे सुंदर फोटो काढतात आणि नेमका निर्णायक ठिपका त्यात येतच नाही. चिमणीच्या शिटेवर बसलेलं स्किपर दिसलं तर नाक मुरडू नका. त्यावर ते बराच वेळ रमतं, असा फोटो पुन्हा मिळत नाही.

तीन तपकिरी स्विफ्ट

खरी डोकेदुखी इथे आहे. राइस स्विफ्ट, स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट आणि पार्नारा प्रजातीतली स्विफ्ट एकाच गवतावर, एकाच सकाळी दिसू शकतात. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट.)

मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, पंखाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात बारीक पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. ती तिघांतही असते म्हणून तिथेच अडकू नका. त्या ओळीच्या आत, धडाच्या बाजूला, एखादा एकटा ठिपका आहे का ते शोधा. ती जागा म्हणजे मध्यकोष्ठ, पंखाच्या मुळापासून निघणारा शिरांनी वेढलेला लांबट कप्पा. तिथे ठिपका असेल तर ती पेलोपिडास प्रजाती, म्हणजे बहुधा स्मॉल ब्रँडेड स्विफ्ट. हा ठिपका कधी टाचणीच्या टोकाएवढा असतो, तेव्हा फोटो मोठा करूनच बघा.

ठिपका नसेल तर पुढच्या पंखाकडे वळा. पुढच्या पंखावरचे बहुतेक ठिपके काचेसारखे असतात, उन्हाकडे धरल्यास आरपार उजेड दिसतो. राइस स्विफ्टमध्ये मात्र पंखाच्या मागच्या कडेलगतच्या कप्प्यात एक पिवळसर ठिपका असतो. त्यातून उजेड जात नाही, तो रंगवल्यासारखा दिसतो. मागच्या पंखात मध्यकोष्ठ कोरा आणि पुढच्या पंखात हा अपारदर्शक ठिपका, असं दोन्ही जुळलं की राइस स्विफ्ट. या जातीचं शास्त्रीय वर्णन १८६६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी केलं, डार्विनच्या बरोबरीने नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त मांडणारे तेच वॉलेस. एवढ्या मोठ्या माणसाने या मातकट जिवाकडे निरखून पाहिलं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

इथे एक खोडा आहे. स्मॉल ब्रँडेड स्विफ्टच्या मादीलाही पुढच्या पंखात त्याच कप्प्यात ठिपके असतात. म्हणून क्रम उलटा करायचा नाही. आधी मागचा पंख, मग पुढचा. नराचं काम सोपं आहे. त्याच्या पुढच्या पंखावर वरच्या बाजूने एक बारीक, तिरपी, राखाडी रेघ असते. ती गंधाच्या खवल्यांची, आणि नावातलं 'ब्रँडेड' तिच्यावरूनच आलंय.

पार्नारा ओळखायला मिशी मोजावी लागते. तिची मिशी पुढच्या पंखाच्या वरच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी भरते. म्हणून तो तिसरा फोटो. तिच्यातल्या स्ट्रेट स्विफ्टच्या मागच्या पंखावर चार ठळक ठिपके पट्टीने आखल्यासारखे एका सरळ रेषेत असतात. ठिपके बारीक आणि वरखाली सरकलेले असतील तर प्रजातीतली दुसरी जात.

मी स्वतः यात चांगला वर्षभर आपटलोय. डभोईकडे भाताच्या बांधावर काढलेल्या सगळ्या फोटोंना मी डोळे मिटून राइस स्विफ्ट लिहून टाकलं होतं. भाताचं शेत, म्हणजे राइस स्विफ्ट! नंतर एका रात्री सगळे फोटो मोठे करून बघितले तर अर्ध्यांहून जास्त फोटोंत मध्यकोष्ठातला तो ठिपका माझ्याकडे बघून हसत होता. स्मॉल ब्रँडेडच्या अळ्याही भातावर आणि गवतावर वाढतात, हे माझ्या गावीही नव्हतं. बायकोने विचारलं, "एवढं काय गेलं?" काय सांगणार!

कप्प्यांचे आकडे

इंग्रजी वर्णनांत 'दोन नंबरच्या कप्प्यात ठिपका' असं वाचून गोंधळ होतो. ही पद्धत ब्रिगेडियर विल्यम हॅरी ईव्हान्स (१८७६–१९५६) यांच्या भारतीय फुलपाखरांवरच्या कामामुळे आपल्याकडे रुळली. शिरा पंखाच्या मागच्या कडेकडून वर मोजायच्या, पुढच्या पंखात बारा आणि मागच्यात आठ. कप्प्याला त्याच्या खालच्या शिरेचा आकडा. म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या शिरेमधला कप्पा दोन नंबरचा. राइस स्विफ्टचा तो रंगवलेला ठिपका पहिल्या आणि दुसऱ्या शिरेच्या मधे असतो. कागदावर एकदा पंख काढून आकडे टाका, मग विसरायला होत नाही.

नारिंगी मंडळी

काळ्यावर नारिंगी पट्टे असलेल्या पाम डार्टमध्ये पुढच्या पंखाची बाहेरची काळी किनार बघा. पट्ट्यातला पिवळा रंग शिरांवरून धावत कडेपर्यंत पोचत असेल तर पेल पाम डार्ट. किनार सलग काळी असेल तर डार्क पाम डार्ट. नावात पाम असलं तरी ही दोन्ही बांबूच्या बेटाजवळ शोधा. पोटँथस नावाची लहान डार्ट दिसली तर प्रजातीवर थांबा. त्यांच्या जाती बहुतेक वेळा जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासूनच वेगळ्या काढतात, फोटोवर छातीठोकपणे नाव लिहिणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

सोपी, हात बसायला

सुरुवात खरं तर इथून करावी. सोसायटीच्या कुंडीतल्या शोभेच्या पामवर इंडियन पाम बॉब येतं. राखाडी मागच्या पंखाखाली ठसठशीत काळे ठिपके, बाकी सगळ्यांच्या उलट. हळदीच्या वाफ्याजवळ ग्रास डेमन, मागच्या पंखावर मोठा पांढरा डाग. पांढरा पट्टा फक्त पुढच्या पंखावर असेल तर ते रिस्ट्रिक्टेड डेमन. काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं, तापल्या मातीवर बसणारं इंडियन स्किपर. फ्लॅटपैकी स्पॉटेड स्मॉल फ्लॅटच्या पुढच्या पंखावर काचेसारखे ठिपके मोठे आणि स्वच्छ, तर कॉमन स्मॉल फ्लॅटवर ते अगदी इवलेसे.

खवले झडलेल्या, फाटक्या पंखांच्या फुलपाखरावर वेळ घालवू नका. ठिपके पुसले गेलेले असतात.

वहीत तारीख, जागा, झाड आणि दिसलेल्या खुणा लिहा, नाव शेवटी. माझ्या वहीतली परवाची नोंद अशी आहे: 'कमाटीबाग, नदीकडची बाजू, एकदांडी. मागच्या पंखाखाली मध्यकोष्ठात ठिपका आहे. वरची बाजू दिसली नाही, रेघ कळली नाही. पेलोपिडास.' जातीची जागा अजून रिकामी आहे.