नाईट ड्युटीला कधी खायचं, काय खायचं आणि व्यायाम कुठं बसवायचा

हॉस्पिटलच्या वॉर्डात नाईट लागली की सगळे डब्यात काय न्यायचं ते विचारतात, पण आधी कधी खायचं ते ठरवा. जे जेवण दिवसा पचतं त्याच जेवणानं रात्री रक्तातली साखर जास्त वाढते आणि जास्त वेळ वर राहते, त्यात पहाटे तीन ते पाच हा झोपेचा सगळ्यात जड टाइम. म्हणजे रात्री एकला कुणाच्या तरी बड्डेची बिर्याणी हाणली की सकाळची सॅम्पल काढायच्या वेळी बरोबर डोळे मिटायला लागतात, आणि इन्शुलिनचे युनिट, ड्रिपचा रेट, ट्यूबवरचं नाव हे सगळं नेमकं तेव्हाच नीट बघायचं असतं.

तर मुख्य जेवण घरूनच करून निघा, ड्युटी आठची असेल तर सात-सव्वासातला. भाकरी, मटकीची उसळ, एखादी पालेभाजी, एवढं बास. मग बारा-साडेबाराच्या आसपास छोटं काहीतरी, दोन उकडलेली अंडी किंवा मोडाचे मूग नाहीतर फुटाणे-शेंगदाणे आणि ताक. तीननंतर शक्यतो काही नको, भूक लागलीच तर एखादं फळ. सकाळी घरी जाऊन थोडे पोहे किंवा उपमा खाऊन झोपा, उपाशी झोपलात तर अकरालाच जाग येते. कँटीनचा वडापाव मलाही आवडतो, रोज नको एवढंच. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र वेळा मनानं बदलू नका, डॉक्टरला विचारून करा.

चहाचं गणित वेगळंय. कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे नऊला झोपायचं असेल तर शेवटचा चहा दोन-तीनच्या आत. पाचला वॉर्डबॉय मामा किटली घेऊन आले की नाही म्हणवत नाही हे कळतं मला, मग अर्धा कप घ्या. आणि जेवणाबरोबर चहा नकोच, त्यानं जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. एनएफएचएस-५ म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघालाय, त्यात आपल्या सिस्टर आणि मावशीपण आल्याच की. उसळीवर लिंबू पिळा, चहा तासाभरानं. पाण्याचं तर विचारूच नका, बाथरूमला जायला वेळ मिळत नाही म्हणून पाणीच न पिणाऱ्या कितीतरी जणी आहेत आणि मग लघवीचं इन्फेक्शन ठरलेलं. बाटली नर्सिंग स्टेशनवर डोळ्यासमोर ठेवा.

आता व्यायाम. "दिवसभर वॉर्डात चालतोच की" हे सगळ्यांचं उत्तर, पण दोन पावलं चाललं आणि थांबलं, त्यात दम लागत नाही. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते आणि दोन दिवस ताकदीचा. ताकदीचा कशाला, तर सीपीआर आठवा, हृदय बंद पडलेल्या पेशंटची छाती दाबायची ते. मिनिटाला १०० ते १२० दाब, तेही ५ ते ६ सेंटीमीटर खोल, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, आणि अशा इमर्जन्सी कॉलला दोघंच असलात की अंगात दम नसेल तर दुसऱ्या पाळीत दाब उथळ पडायला लागतो. बैठका, भिंतीला टेकून पुशअप, प्लँक, घरी पंधरा मिनिटांत होतं, जिम लागत नाही. हे संध्याकाळी झोपून उठल्यावर करा, नाईट करून आल्यावर नको, तेव्हा फार तर थोडं चाला. वॉर्डात नोट्स लिहिताना उभ्या असाल तर टाचा वर-खाली करत राहा, पोटऱ्यांना बरं पडतं. पेशंट ट्रॉलीवर घेताना आधी बेड वर घ्या, गुडघ्यात वाका, पेशंट अंगाजवळ ठेवा आणि मामांना हाक मारा, एकटीनं ओढू नका, कंबर गेली की बैठका-बिठका सगळं राहिलं.

इन्चार्जनाही एक सांगायचंय. २१ जूनला योग दिनाची मॅट अंथरून फोटो काढण्यापेक्षा ड्युटी रूमला एक फ्रीज आणि डबा गरम करायची सोय द्या, आणि नाईटला वीस मिनिटांचा ब्रेक जोडीनं ठरवून बोर्डावर लिहा, कोण कधी जाणार आणि तेव्हा तिचे पेशंट कोण बघणार. तोंडी ठरवलेला ब्रेक पहिलं ॲडमिशन आलं की गायब होतो.