तांब्याचं पोट, सुरईची मान: ब्लेंडरमध्ये नवी फुलदाणी कशी घडवावी

दोन भांड्यांचे आकार संगणकावर जुळवायचे, तर दोन्हींची कडेची रेषा सारख्याच संख्येच्या बिंदूंनी काढावी लागते. इथे तांब्या आणि सुरई घेऊ. ब्लेंडर हे थ्रीडी आकार घडवण्याचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं.

फोटो दोन-अडीच मीटरवरून, झूम करून, कॅमेरा भांड्याच्या मध्यावर धरून काढा. जवळून काढलात तर प्रमाणं बिघडतात.

युनिट स्केल 0.001 करा आणि लांबी मिलिमीटरमध्ये ठेवा. फ्रंट व्ह्यूमध्ये तांब्याचा फोटो 200 मिमी उंचीचा लावा. प्लेन (सपाट चौकोन) घेऊन एडिट मोडमध्ये त्याचे चारही बिंदू सेंटरला मर्ज करा, म्हणजे एकत्र करा. उरलेला बिंदू म्हणजे बुडाचा मध्य. तिथून एक्स्ट्रूड करत (बिंदूतून पुढचा बिंदू ओढत) उजव्या कडेने काठापर्यंत 24 बिंदू मांडा. बुडाच्या कोपऱ्यावर दोन बिंदू अगदी जवळ हवेत, नाहीतर पुढे बूड गोल होऊन फुलदाणी डुलते. पोटाचा सर्वांत फुगीर बिंदू 9वा आणि खांदा 14वा ठेवा.

आता शेप की, म्हणजे त्याच बिंदूंची जपून ठेवलेली मांडणी, वापरू. आधी बेसिस (मूळ आकाराची) शेप की घाला, मग दुसरी. दुसरी निवडून तेच बिंदू सुरईच्या कडेवर सरकवा: 9वा पोटावर, 14वा खांद्यावर. नवा बिंदू घालू नका, असलेला पुसू नका. सुरईचा फोटो असा लहानमोठा करा की दोन्ही खांदे एकाच उंचीवर येतील. मान 200 मिमीच्या वर गेली तरी चालेल. सुरईचा खांदा खाली राहिला, तर मान पोटात शिरून पृष्ठभागाला घडी पडते.

दुसऱ्या शेप कीचा स्लायडर 0.5 वर ठेवून मिळणारा आकार बहुधा मुळमुळीत दिसतो, ना धड तांब्या ना सुरई. त्यापेक्षा व्हर्टेक्स ग्रुप करा, म्हणजे कोणत्या बिंदूवर शेप कीचा किती परिणाम व्हावा ते वजनाने ठरवा: 13व्या बिंदूला वजन 0.25, 14व्याला 0.5, 15व्याला 0.75, पुढे सगळ्यांना 1. हा ग्रुप शेप कीला लावून स्लायडर 1 करा. मान सुरईची येते, पोट तांब्याचंच राहतं. वजन एकदम 0 वरून 1 केलं, तर खांद्यावर पायरी उठते.

मग मॉडिफायर (आकारावर आपोआप होणाऱ्या क्रिया) याच क्रमाने: रेषा गोल फिरवून भांडं करणारा स्क्रू (झेड अक्ष, 64 स्टेप्स, मर्ज चालू), पृष्ठभाग गुळगुळीत करणारा सबडिव्हिजन 2, जाडी देणारा सॉलिडिफाय 2 मिमी. पृष्ठभागाची सुलट-उलट बाजू रंगाने दाखवणाऱ्या फेस ओरिएंटेशनमध्ये बाहेरची बाजू निळी दिसायला हवी. लाल दिसली तर स्क्रूमध्येच फ्लिप करा, कारण उलट्या बाजूला जाडी बाहेर वाढते.

थ्रीडी प्रिंट काढताना बुडाजवळचा उतार उभ्या रेषेपासून 45 अंशांपेक्षा जास्त कलला, तर थर लोंबतात. बूड रुंद करा. पीएलए या प्रिंटच्या प्लास्टिकच्या थरांमधून पाणी झिरपू शकतं, म्हणून आत काचेची नळी ठेवा. नळी 25 मिमी व्यासाची असेल, तर मानेचा बाहेरचा व्यास किमान 30 मिमी हवा.