सुईआधीचं बधिर करणारं क्रीम: किती वेळ आधी लावायचं?

लॅबमध्ये पोहोचल्यावर मुलाच्या हाताला घाईघाईने क्रीम चोळायचं आणि दहा मिनिटांत सुई टोचून घ्यायची. मग मूल रडतं आणि बदनाम होतं ते क्रीम.

आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा मिळतं ते लिडोकेन आणि प्रिलोकेन (प्रत्येकी २.५ टक्के) यांचं मिश्रण. रक्त काढायला किंवा सलाईनची सुई लावायला ते किमान ६० मिनिटं त्वचेवर हवं. तासाभरात साधारण ३ मिलिमीटर खोलीपर्यंत बधिरपणा येतो, दोन तासांत ५. म्हणून वेळ उलटी मोजा: दहाला सुई, तर पावणेनऊला घरीच क्रीम.

१. कुठली शीर घेणार ते आधी विचारा. पहिली शीर सापडली नाही तर? म्हणून शक्यतो दोन जागा ठरवा, उदाहरणार्थ कोपराची खळगी आणि हाताची पाठ.

२. क्रीम चोळायचं नाही, जाड थर थापायचा. मोठ्या माणसाला एका जागी ५ ग्रॅमच्या ट्यूबमधलं निम्मं लागतं. हात आखडता घेऊ नका. लहान मुलांचं प्रमाण मात्र वय-वजनावर ठरतं, ते डॉक्टरच सांगतील.

३. वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा, कडा नीट दाबा. झाकल्याशिवाय क्रीम आत मुरत नाही. पट्टीवर पेनाने वेळ लिहून ठेवा, नर्सलाही कळतं.

४. वेळ झाली की पट्टी काढा, क्रीम पुसा आणि पाच-दहा मिनिटं थांबा. त्वचा पांढुरकी दिसेल, शिरा आक्रसलेल्या असतील. तेवढ्या वेळात त्या पुन्हा वर येतात. बधिरपणा पुढे तासभर तरी टिकतो. दाब आणि ओढ जाणवतेच, हे मुलाला आधीच सांगा.

ब्रिटनमध्ये टेट्राकेनचं ४ टक्के जेल वापरतात. रक्त काढायला ते अर्ध्या तासात, सलाईनला पाऊण तासात काम करतं. तेव्हा ट्यूबवरचं नाव वाचल्याशिवाय घड्याळ लावू नका.

स्नायूत द्यायच्या लसीला कातडीची टोच कमी होईल, आतली ठणक नाही.

फुटलेल्या कातडीवर किंवा डोळ्यांजवळ क्रीम लावू नका. एक्झिमा असेल तर औषध लवकर शोषलं जातं, वेळ डॉक्टरांकडूनच घ्या. तान्ह्या बाळांना जास्त झालं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद घटू शकते. लेझरने केस काढण्याआधी पाय भरून असलं क्रीम लावून प्लास्टिक गुंडाळण्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला होता. दोन तरुणींचा त्यात जीव गेला होता.