उपसर्ग कुठे संपतो? शब्द तोडताना या चुका टाळा

'अनाधिकृत बांधकाम', 'उज्वल यश', 'वार्षिक परिक्षा', 'वाढदिवसाचे अभिष्टचिंतन'. फलकांवर आणि पत्रकांत हे शब्द इतके दिसतात की डोळ्यांना खटकतही नाहीत. चारही चुकांचं मूळ मात्र एकच आहे. उपसर्ग कुठे संपला आणि मूळ शब्द कुठे सुरू झाला, हे लिहिणाऱ्याने पाहिलेलं नाही.

'अनाधिकृत'पासून सुरुवात करू. नकार दाखवणारा 'अ' स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी 'अन्' होतो. अन् + अधिकृत, म्हणून अनधिकृत. शंका आली तर उपसर्ग काढून उरलेला शब्द बघा. 'अनावश्यक'मधून 'अन्' काढला की 'आवश्यक' उरतो, म्हणून तिथे 'ना' बरोबर. 'अनाधिकृत'मधून काढला तर 'आधिकृत' उरेल, आणि असा शब्दच नाही. याच कसोटीवर 'अनावधानाने' चूक ठरतं आणि 'अनवधानाने' बरोबर.

'परीक्षा'तली री दीर्घ का, हे शाळेत पाठ करून घेतात, समजावून क्वचितच देतात. परि + ईक्षा अशी तिची फोड आहे. ईक्ष् म्हणजे पाहणे. त्याच धातूपासून समीक्षा, प्रतीक्षा, निरीक्षण आले. अप आणि उप लागून अपेक्षा, उपेक्षा झाल्या. एक धातू ओळखला की अर्धा डझन शब्दांचं ऱ्हस्व-दीर्घ आपोआप सुटतं. अभि + इष्ट = अभीष्ट हेही तसंच. मला ही फोड उशिरा कळली, आणि तोवर केलेल्या घोकंपट्टीची हळहळ आजही वाटते.

उत् + ज्वल मध्ये त् चा ज् होतो, म्हणून उज्ज्वल. 'सज्जन' आपण 'सजन' लिहीत नाही, मग इथे एक ज का गाळायचा? निः नंतर र आला तर विसर्ग जातो आणि नि दीर्घ होते: नीरस, नीरव. 'निरोगी' रूढ झालंय खरं, पण नियमाने ते 'नीरोगी'.

यापेक्षा गंभीर चूक अर्थाची. 'माझ्या अपरोक्ष सही केली' असं लोक तक्रार अर्जातसुद्धा लिहितात. परोक्ष म्हणजे नजरेच्या पलीकडचं. त्याला अ लावला की अर्थ उलटा होतो. वेदान्तात अपरोक्ष ज्ञान म्हणजे प्रत्यक्ष अनुभवाचं ज्ञान. म्हणजे अर्जदार स्वतःच कबूल करतो की सही त्याच्या डोळ्यांदेखत झाली. माझा सल्ला असा, की कायदेशीर कागदात सरळ 'माझ्या गैरहजेरीत' लिहा. ('गैर' अरबी म्हणून बिचकू नका. गैरव्यवहार, गैरसमज मराठीत केव्हाच मुरले आहेत.)

इंग्रजीतही असा सापळा आहे. टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' वाचून 'न पेटणारा' असा अर्थ लावू नका. तिथला 'इन' नकाराचा नाही, लॅटिन 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे या क्रियापदातला आहे. इनव्हिजिबलमधला 'इन' वेगळा. दिसायला सारखे उपसर्ग एकच असतात असं नाही.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. 'उमफारेन'मध्ये जोर 'फा'वर असेल तर अर्थ वळसा घालून जाणे, आणि 'उम'वर असेल तर गाडीने धडक देऊन पाडणे! दुसऱ्या अर्थी साध्या वाक्यात 'उम' सुटून शेवटी जातो. हे विचित्र वाटतं, पण वैदिक संस्कृतातही उपसर्ग क्रियापदापासून दूर असू शकतो आणि पाणिनीने त्याची नोंद केली आहे. त्यामुळे जर्मन वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचल्याशिवाय क्रियापदाचा अर्थ ठरवू नका.

शब्दाची सुरुवात उपसर्गासारखी दिसली म्हणून तो उपसर्गच असेल, असंही धरून चालू नका. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत एकवचन-अनेकवचन शब्दाच्या पुढच्या टोकाला कळतं: सुरी म्हणजे 'किसू', सुऱ्या म्हणजे 'विसू'. अरबी 'किताब' तिथे गेला तेव्हा त्यातला 'कि' उपसर्गच मानला गेला, आणि पुस्तकं झाली 'विताबू'. पूर्ण भाषेने शब्द भलत्याच ठिकाणी तोडला आणि तोच तिथला नियम झाला.

आपल्याकडे 'विधवा'चं तसंच झालं. वि + धव, म्हणजे जिचा नवरा नाही ती, अशी फोड सर्रास सांगतात. पण हा शब्द लॅटिन 'विदुआ' आणि इंग्रजी 'विडो' यांचा सख्खा भाऊबंद आहे. त्यात 'वि' हा उपसर्ग नाही. नवरा या अर्थाचा 'धव' या शब्दातूनच मागाहून तोडून काढला, असं भाषाअभ्यासक मानतात, आणि 'सधवा' त्या धववर उभी आहे.