काटा हलला नाही, तरी कंबर मोजा: चाळिशीनंतर हृदयाची वही कशी ठेवावी

वजनकाट्यावर पाच वर्षं तोच आकडा, तरी कपडे मात्र कंबरेत घट्ट. पाळी जाण्याच्या सुमाराला अनेकींना हा अनुभव येतो, आणि काटा हलला नाही म्हणून त्या निश्चिंत राहतात. घोटाळा इथेच होतो. इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन उतरू लागलं की चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात साठू लागते. वयाबरोबर स्नायूही घटत असतात. बेरीज तीच राहते, वाटणी बदलते.

पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली ही चरबी स्वस्थ बसत नाही. ती यकृताकडे स्निग्धाम्लं सोडत राहते, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि रक्तदाब वाढतात. नेमकं त्याच वर्षांत एलडीएल म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल चढतं आणि धमन्या ताठर होऊ लागतात. म्हणून एक साधी वही करा.

पहिलं पान: कंबर

सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरा. बेंबी हा काही भरवशाचा खुणेचा दगड नाही, पोट सुटलं की तीही खाली सरकते. श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढू नका. फसवून फसवणार कोणाला? कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. उंची 156 सेंटिमीटर असेल, तर कंबर 78 च्या आत. महिन्यातून एकदा मोजलं तरी पुरे.

दुसरं पान: रक्तदाब

या पानावर जरा जास्त वेळ घालवा, कारण घरी घेतलेले निम्मे आकडे घाईमुळेच बिघडतात असं माझं मत आहे. आधीचा अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला हवा. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी 135/85 किंवा त्याहून वर असेल, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

वजन जास्त असेल तर यंत्राचा पट्टा तपासाच. जाड दंडावर लहान पट्टा गुंडाळला की आकडा खोटाच वर जातो आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते.

पन्नाशी-साठीनंतर पुष्कळदा फक्त वरचा आकडा वाढतो, खालचा ठीक असतो किंवा उतरतो. ‘खालचा बरा आहे’ म्हणून सोडून देऊ नका. ताठर झालेली धमनी ठोक्याचा धक्का शोषून घेत नाही, तोच वरच्या आकड्यात उमटतो.

तिसरं पान: जुना इतिहास

गरोदरपणात बीपी वाढलं होतं का? मधुमेह निघाला होता का? बाळ दिवसांआधी झालं का? पाळी 45 च्या आत गेली का? यांपैकी काहीही असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. मुलं मोठी झाली की या गोष्टी विस्मरणात जातात आणि तपासणीत कोणी विचारतही नाही. तुम्हीच सांगा. लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एचबीएवनसीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आकडेही याच पानावर तारखेसह लिहा.

आता कामाला लागा

वजन जास्त असेल तर ‘लग्नाच्या वेळचं वजन’ हे ध्येय विसरा. सध्याच्या वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड सुधारतात. 70 किलोच्या बाईसाठी हे साडेतीन ते सात किलो. आठवड्याला किमान 150 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चाला. त्याशिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम हवाच: खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवर हात टेकून जोर. हा भाग बहुतेकजणी गाळतात, आणि घटलेले स्नायू परत मिळवायला तोच लागतो. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. सिगारेट किंवा तंबाखू असेल, तर बाकी सगळ्याच्या आधी ती सोडा.

हार्मोनच्या गोळ्यांनी हृदय वाचेल, असा एके काळी समज होता. 2002 मधल्या मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर तो मागे पडला. तीव्र गरम झळांसाठी डॉक्टर त्या देऊ शकतात, निव्वळ हृदयासाठी नाही.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत हे लिहा: छातीत दाब किंवा दुखणं, धाप, जबडा-पाठ-हात दुखणं, मळमळ, घाम, न सोसणारा थकवा. स्त्रियांमध्येही छातीत दुखणं हेच सर्वाधिक आढळतं, पण बाकीची लक्षणं अनेकदा सोबत येतात आणि ‘पित्त झालं असेल’ म्हणून अंगावर काढली जातात. असं अचानक झालं तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.